रविवारी जोडलेला कॉम्प्युटर

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता माझी पत्नी गेली. ती स्वयंपाकघरात होती. चहा घेऊन झाला होता. तिने हाक मारली, मी आत गेलो. डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरले आणि सोडले. बाहेरच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर होता. तो तिने रविवारी जोडला होता. तो सुरू झाला नव्हता.

ती साताऱ्यातल्या एका शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवत होती आणि त्यातला बराच काळ प्रयोगशाळेच्या किल्ल्या तिच्याकडे होत्या. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतो. घरातल्या कामांची वाटणी त्यावरूनच झाली असावी. पुस्तकांना कव्हर घालणे, कागदपत्रे लावून ठेवणे, पत्रे लिहिणे माझ्याकडे. ज्या कशाला स्क्रू असतात ते सगळे तिच्याकडे. मिक्सर, इस्त्री, गिझर, नळाची तोटी. या वाटणीबद्दल आम्ही कधी बोललो नाही आणि मला त्याची लाजही वाटली नाही. निवृत्त झाल्यावर मात्र तिच्या हातांना काम उरले नाही. आमचा जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा ती म्हणाली, दोनदा तयार घेतला, या वेळी मी जोडणार. दोन महिने ती त्याच्या मागे होती. सुटे भाग सांगलीतल्या एका दुकानातून आणले, कारण तिचे माहेर आष्ट्याजवळ, आणि सांगलीत जे मिळते ते साताऱ्यात नीट मिळत नाही हे तिचे मत लग्नापासून पक्के होते.

त्या रविवारी तिने सकाळी टेबल रिकामे केले, शाळेतून आणलेला पांढरा अ‍ॅप्रन घातला आणि कामाला लागली. मी शेजारच्या खुर्चीत वाचत बसलो. मधूनमधून ती काहीतरी पुटपुटे, ते माझ्यासाठी नसे. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास तिने बटण दाबले. पंखे फिरले, पेटीच्या आत एक निळा उजेड पडला. पडदा काळाच राहिला. तिने बंद केले, पुन्हा सुरू केले. तसेच. तिसऱ्यांदाही तसेच.

"काहीतरी चुकलंय तुझं," मी म्हणालो.

"तुम्ही बघितलंत का?"

"बघायला कशाला पाहिजे? चालत नाही म्हणजे चुकलंच ना. दुकानातून जोडून आणला असता तर आत्ता चालू असता."

तिने माझ्याकडे पाहिले नाही. आत पाहत म्हणाली, "मी चुकलेले नाही. उद्या सकाळी दाखवते तुम्हाला."

आम्ही भांडलो नाही. रात्री मुगाची खिचडी झाली, तिने तिची गोळी घेतली, मी माझी. सकाळी आम्ही दुधाबद्दल बोललो. दूधवाला पातळ दूध देऊ लागला होता. कॉम्प्युटरचा विषय निघाला नाही.

नंतरच्या दिवसांत घरात खूप माणसे येऊन गेली. प्रत्येकाने तिचे काहीतरी सांगितले, आणि ते खरे होते. माझ्या डोक्यात मात्र एकच वाक्य होते, ते तिचे नव्हते, माझे होते. बघायला कशाला पाहिजे. शेवटच्या संध्याकाळी मी तिला हे म्हणालो होतो. ते मागे घ्यायचे होते, आणि नुसते मनात मागे घेऊन भागणार नव्हते. ती चुकलेली नव्हती हे मला दाखवायचे होते. ज्या बाईने तीस वर्षांत प्रयोगशाळेतला एकही सूक्ष्मदर्शक बिघडू दिला नाही ती एक पेटी जोडताना चुकेल कशी? मला पूर्ण खात्री होती. बिघाड दुकानदाराच्या मालात असेल, कारखान्यात असेल, विजेत असेल. तिच्या हातात नसेल.

तेराव्यानंतर सगळे गेले, मेहुणा राहिला. हा तिचा धाकटा भाऊ. फौजेत पंधरा वर्षे काढून आता गावी ऊस करतो. मोठ्या हाताचा, मोठ्या आवाजाचा माणूस. पण त्या दिवसांत तो आवाज घरात फारसा ऐकू आला नव्हता. निघायच्या दिवशी पिशवी भरून झाल्यावर तो टेबलापाशी उभा राहिला.

"दाजी, ही पेटी मी घिऊन जातो."

"का?"

"आक्काचं आर्धं ऱ्हायलेलं काम. रोज डोळ्यापुढं कशाला? आमच्याकडं आसलं घरात ठिवत न्हाईत."

"अर्धं राहिलेलं नाही. पूर्ण जोडलेला आहे."

"मग चालतोय का?"

"चालेल."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला उठावे लागले. मी जाऊन बटण दाबले. काहीच झाले नाही. पंखासुद्धा फिरला नाही. रविवारी निदान पंखे फिरले होते, उजेड पडला होता. आता पेटी नुसती पेटी होती. मी पुन्हा दाबले.

"जळलाय," मेहुणा हलक्या आवाजात म्हणाला. "जाऊ द्या दाजी. ती गेली तशी ह्येबी गेलं आसं समजा."

"त्या दिवशी पंखे फिरत होते. मी स्वतः पाहिलंय."

"मग आता का फिरंनात?"

त्याने खिशातून मोबाइलचा चार्जर काढून भिंतीवरच्या त्याच बोर्डात खोचला. मोबाइल चार्ज होईना. तो खाली वाकला, टेबलामागे डोके घातले, आणि तिथून एक विचित्र आवाज आला. आधी मला वाटले तो रडतो आहे. तो हसत होता.

"आवं दाजी, फ्यूजच न्हाई की हितं!"

त्या जुन्या बोर्डावर फ्यूजसाठी चिनी मातीची एक ग्रिप असते, दोन बोटांनी ओढली की निघते. ती जागा रिकामी होती. मी ती रिकामी जागा तेरा दिवसांत अनेकदा पाहिली असणार. ती रिकामी असू नये हे मला ठाऊक नव्हते.

"काम करताना आक्कानं काय घातलं हुतं?" त्याने विचारले.

"अ‍ॅप्रन."

अ‍ॅप्रन दारामागच्या खुंटीवर होता. तिचे कपडे देऊन झाले होते, पण अ‍ॅप्रन कपड्यांत धरायचा हे कुणाला सुचले नव्हते. त्याने सरळ उजव्या खिशात हात घातला. ग्रिप निघाली. शिवाय पेन्सिलीचा एक तुकडा आणि एक बारीक स्क्रू.

मग तो खुर्चीत बसला आणि मला माहीत नसलेली एक गोष्ट त्याने सांगितली. त्यांचे वडील फौजेत होते, वर्षातून एकदा यायचे. विहिरीवरची मोटर आई आणि ही थोरली मुलगी बघायच्या. लाईट कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नसे. मोटरीला हात लावायचा तर आधी पेटीतल्या ग्रिपा काढायच्या आणि आपल्या खिशात ठेवायच्या, म्हणजे आपण विहिरीत असताना लाईट आली आणि कुणी वरून बटण दाबले तरी काही होणार नाही. ग्रिपा शेजारी दगडावरही ठेवायच्या नाहीत. खिशातच. सगळ्या शिवारात हीच रीत.

"येकदा आक्का खाली उतरल्याली," तो म्हणाला. "मी वर. लाईट आली. मी काय, बारकं प्वार, पळत जाऊन मोटर चालू करायला बटण दाबलं. मोटर काय लागंना. खालनं आक्का वरडली, दाब की दाब, आजून येकदा दाब! आन् खिशातनं ग्रिपा काढून वर दावल्या मला. वर आल्यावर आसला हाणला मला, आजून गाल दुखतोय."

मला हे नवीन होते. त्या रविवारी काळ्या पडद्यानंतर पेटीत पुन्हा हात घालण्याआधी तिने ग्रिप काढून खिशात टाकली असणार. चौतीस वर्षांत मी कितीदा अंधारात ओरडलो असेन की या खोलीतले दिवे का लागत नाहीत, आणि तिने आतून म्हटले असेल, थांबा, लावते. ती ते कुठून लावत होती हे मी कधी पाहिले नव्हते.

त्याने ग्रिप बसवली. मी बटण दाबले. पंखे फिरले, निळा उजेड पडला. पडदा काळा.

"बघ," मी म्हणालो. "जळलेला नाही."

"पर चालू बी न्हाई."

"होईल."

"आता माझी तोड आलीया, मला गेलं पायजे," तो पिशवी उचलत म्हणाला. उसाच्या तोडणीची पाळी आली की त्याला कुठेच थांबता येत नाही. "फुडच्या आयतवारी येतो. तवर हात लावू नगा."

"का?"

"तुमी लावलासा तर जळंल खरंच."

तो आठवडा मी वाचनात घालवला. हात लावायचा नव्हता, पण वाचायला कुणाची बंदी नव्हती, आणि वाचणे मला येते. पेटीतल्या मुख्य बोर्डाबरोबर, म्हणजे मदरबोर्डाबरोबर, आलेले पुस्तक पातळ होते, इंग्रजी होते आणि वाईट लिहिलेले होते. मी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा वाचले. तिची वहीही वाचली. ती शाळेतल्या प्रयोगवहीसारखी होती, एक पान कोरे, एक पान रेघांचे. कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती, समोर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण. रविवारच्या तारखेखाली शेवटची ओळ होती: पंखे फिरतात. चित्र नाही. बोर्डावर पिवळा दिवा. त्याखाली अनुमान हा शब्द आणि पुढे काही नाही. यात गूढ काही नव्हते. निरीक्षण त्याच दिवशी लिहा आणि अनुमान दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर, असे ती मुलांना सांगत असे. सगळ्यांच्या वह्या अशाच असत.

पिवळा दिवा मी पाहिलाच नव्हता. पेटीला एका बाजूने काच होती. मी बटण तेवढे दाबले आणि भिंग घेऊन वाकलो. बोर्डाच्या कडेला टिकल्यांएवढे चार दिवे होते आणि त्यातला एक पिवळा पेटलेला होता. पुस्तकातल्या एकतिसाव्या पानावर त्याचा अर्थ होता: बोर्डाला मेमरी, म्हणजे रॅम, दिसत नाही. मला समाधान वाटले. रॅमची पट्टीच खराब निघाली होती तर. दुकानदाराचा माल. मी सांगलीला फोन लावला.

"सर, मॅडमचं कळलं मला," दुकानदार म्हणाला. तरुण आवाज होता. "फार वाईट झालं. तुम्ही कॉम्प्युटर घेऊन या. सगळं खोलून, नव्यानं जोडून देतो."

"खोलायचं नाही."

"म्हणजे?"

"तिने जोडलंय ते तसंच राहिलं पाहिजे. तुमची रॅम खराब आहे, तेवढी बदलून द्या."

"सर, रॅम क्वचितच खराब निघते. बहुतेक वेळा ती नीट बसलेली नसते."

"ती नीटच बसलेली आहे," मी म्हणालो.

"तुम्ही पाहिलीत?"

हा प्रश्न मला कुणी दुसऱ्यांदा विचारत होते. मी म्हणालो, नाही. रविवारी बघतो.

रविवारी मेहुणा आला. काकवीची बरणी आणली होती, ती आत ठेवून त्याने आधी भिंतीवरच्या बोर्डाची ग्रिप काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली. मग आम्ही काच उतरवली आणि दुकानदाराला फोन लावून फोन टेबलावर ठेवला.

"रॅमच्या दोन पट्ट्या दिसतात का? उभ्या?"

"दिसतात."

"त्यांच्या दोन्ही टोकांना खिट्या आहेत. बंद आहेत का सगळ्या?"

मी भिंग लावले. पहिल्या पट्टीच्या दोन्ही खिट्या उघड्या होत्या, अगदी किंचित. दुसऱ्या पट्टीची खालची खिटी बंद, वरची उघडी. पट्टी एका बाजूने केसभर वर होती. इतकी थोडी, की माहीत नसलेल्या माणसाला ती सरळच दिसावी.

"सर? बंद आहेत का?"

"नाहीत," मी म्हणालो.

"मग दाबा. दोन्ही अंगठ्यांनी, वरून सरळ. टक् असा आवाज येईपर्यंत."

मी अंगठे ठेवले आणि दाबले. बोर्ड वाकला. मी हात काढून घेतला.

"वाकतंय ते!"

"वाकू दे सर. अजून जोरात. मोडतंय असं वाटेल, मोडत नाही. सगळ्यांना भीती वाटते."

मी मेहुण्याकडे पाहिले. तो दोन पावले मागे सरकला. "न्हाई दाजी, तुमीच दाबा. माझ्या हातानं मोडलं तर आक्का मला जित्ता सोडायची न्हाई."

फोनमध्ये सांगलीच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

मी दाबले. टक् असा आवाज आला. दुसऱ्या टोकाला टक्. दुसरी पट्टी, टक्. मला तेव्हा समजले की त्या रविवारी दिवसभर मी तिच्या शेजारी बसलो होतो आणि हा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता.

तिने दाबले नव्हते. दाबले होते, पण बेताने. तिच्या शाळेत साठ मुलांमागे चार सूक्ष्मदर्शक होते. एक फुटला की तीन, आणि चौथा पुन्हा येणार नाही हे ठरलेले. तीस वर्षे ती एकच गोष्ट सांगत आली: जोर लावू नका. बसत नसेल तर थांबा, मला बोलवा. काचपट्टी असो, नळी असो, तारेचे टोक असो. जी वस्तू बोटाच्या टोकाने बसत नाही ती चुकीची बसते आहे, असा तिचा नियम होता आणि त्या प्रयोगशाळेत तो खरा होता. त्याच हातांनी तिने हा कॉम्प्युटर जोडला. बाकी सगळे बोटाच्या टोकाने बसले. फक्त या पट्ट्यांना अंगठ्याचा जोर हवा होता, आणि तो लावायला तिचे हात तयार झाले नसावेत.

मेहुण्याने ग्रिप लावली. मी बटण दाबले. पंखे, निळा उजेड, काळा पडदा.

"काहीच नाही," मी फोनमध्ये म्हणालो.

"थांबा सर. बंद करू नका. पहिल्यांदा वेळ लागतो, रॅम ओळखून घेतो तो. दोन मिनिटं द्या."

आम्ही उभे राहिलो. पिवळा दिवा पेटलेला होता. मेहुणा पडद्याकडे पाहत होता, मी दिव्याकडे. दिवा विझला. मग पडद्यावर पांढरी अक्षरे आली, इंग्रजीत, की पुढे जाण्यासाठी एखादी कळ दाबा.

"आलं!" मेहुणा ओरडला. त्या तेरा दिवसांत न ऐकलेला त्याचा मोठा आवाज खोलीभर झाला. फोनमधून दुकानदार म्हणाला, "अभिनंदन सर," आणि मग बहुधा त्यालाच हा शब्द बरा वाटला नाही, कारण त्याने घाईने फोन ठेवला.

मेहुणा खुर्चीत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हंजे आक्का चुकली हुती?"

"हो."

"आक्का?"

"हो. जोर कमी लावला तिने."

"बगा की," तो म्हणाला. "ल्हानपणापासनं वाट बघतोय मी तिची येक तरी चूक घावायची. आन् घावली ती आता. कुणाला सांगायची?" तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला उठून अंगणात जावे लागले.

मी पडद्यासमोर बसून राहिलो. जे सिद्ध करायला मी तीन आठवडे बसलो होतो त्याच्या उलटे निघाले होते. ती चुकली होती. माझे वाक्य बरोबर होते आणि ते मागे घेण्याची सोय उरली नव्हती. हे मला जितके जड जायला हवे होते तितके गेले नाही. का, हे मी नंतर बरेच दिवस शोधले. माझ्या वाक्याला बरोबर म्हणायला तिने नकार दिला असता, हे त्याचे कारण असावे. निरीक्षणाची जागा कोरी आणि अनुमान मात्र बरोबर अशी वही एखाद्या मुलाने आणली, तर ती त्याला परत पाठवत असे. कुणाचे बघून लिहिलेस, असे विचारत असे. मी खुर्चीतून न उठता बरोबर होतो. ती दिवसभर राबून, नीट पाहून, पिवळा दिवा टिपून चुकली होती, आणि सोमवारची सकाळ मिळाली असती तर दहा मिनिटांत तिला चूक सापडली असती याबद्दल मला आजही शंका नाही. तिने ती मला दाखवलीही असती. "मी चुकलेले नाही" म्हणाली होती, पण चूक सापडल्यावर ती लपवणारी बाई नव्हती. बघा, म्हणाली असती, पट्टी बसली नव्हती. आणि मी बहुधा वर्तमानपत्रातून मान वर केली नसती.

मेहुणा संध्याकाळी गेला. पेटी घेऊन जायचे त्याने पुन्हा काढले नाही. पुढच्या आठवड्यात दुकानदाराने फोनवरून मला बाकीचे, म्हणजे त्यात प्रोग्रॅम घालायचे काम, करायला लावले; मी ते एकेक ओळ लिहून घेऊन केले, पाच दिवस लागले. एकदा मी चुकलो आणि सगळे पुन्हा करावे लागले.

आता घरात मी एकटा राहतो. हे मी हातानेच लिहितो आहे, मला त्याचीच सवय आहे. कॉम्प्युटर टेबलावर आहे आणि चालतो. तो तिने जोडलेला आहे. त्यातल्या रॅमच्या दोन पट्ट्या मी दाबलेल्या आहेत.